विटांचा ओटा

मराठी माणसाच्या मनात विटेला जे स्थान मिळाले आहे, तसे ते अन्य कोणत्या समाजात क्वचितच मिळाले असेल. आईवडिलांच्या सेवेत खंड पडू नये म्हणून पुंडलिकाने दाराशी आलेल्या देवाकडे एक वीट सरकवली आणि देव तिच्यावर उभा राहिला, ही कथा लहानपणापासून आपल्या कानांवर पडत आलेली असते. तिचा भक्तिपर अर्थ सर्वश्रुत आहे. परंतु तिच्यात घरबांधणीच्या इतिहासाचा एक धागाही दडलेला आहे आणि तो सहसा कोणी पाहत नाही. पाहुणा दाराशी आला आहे, घरधनी कामात आहे, आणि पाहुण्याला उभे राहण्यासाठी तो मातीहून उंच अशी कोरडी, टणक जागा देतो. ओट्याची कल्पना याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

आपल्या इतिहासग्रंथांत राजवाडे येतात, देवळे येतात, किल्ले आणि घाट येतात. घरापुढील दहा हात लांबीरुंदीची विटांनी बांधलेली जागा त्यांत येत नाही. तिला शिलालेख नसतो आणि तिच्या बांधणाऱ्याचे नाव कोणी लिहून ठेवत नाही. तरीही आयुष्याचा मोठा भाग माणूस अशाच जागेवर घालवीत आला आहे. धान्य निवडणे, पापड वाळत घालणे, मुलांना न्हाऊ घालणे, सायंकाळी शेजाऱ्याशी चार शब्द बोलणे, घरातल्या म्हाताऱ्या माणसाने उन्हाला बसणे, या सगळ्यांची जागा एकच. कोकणात तिला अंगण, खळे वा पडवी म्हणतात, देशावर ओटा म्हणतात, माळव्यात ओटला म्हणतात. गोव्यातील जुन्या घरांच्या दर्शनी भागी दोन्ही बाजूंना बाके असलेला जो बलकांव असतो, तोही याच कुळातला. नावे निराळी असली तरी गरज एकच आहे: घर आणि जग यांच्या मध्ये पाऊल टेकण्यापुरती एक घट्ट जागा.

ही गरज माळव्यात विशेष तीव्र आहे. इंदूरहून देपालपूरकडे जाताना लागणारे हातोद हे तहसिलीचे गाव घ्या. भोवती काळी कसदार जमीन. शेतकऱ्याचे हे वैभव गवंड्याचे मात्र वैरी आहे. ज्वालामुखीच्या काळ्या खडकापासून झालेली ही माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटून तडकते. भेगा अशा पडतात की, त्यांत हात जावा. इंदूरच्या परिसरात वर्षाला सरासरी नव्वद ते शंभर सेंटिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांतच येतो. त्या दिवसांत काळ्या मातीच्या अंगणात पाऊल टाकणारा माणूस पायाला शेर शेर चिखल घेऊन घरात येतो. ओटा ही येथे चैनीची वस्तू नव्हे. तो कसा बांधावा, हा प्रश्न या भूमीवर चार हजार वर्षांहून अधिक काळ विचारला जात आहे.

या प्रश्नाला माळव्याने दिलेले अतिशय जुने उत्तर नर्मदेच्या काठी सापडले. महेश्वरच्या समोर, दक्षिण तीरावर नावडातोली हे ठिकाण आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे हसमुख धीरजलाल सांकलिया आणि त्यांचे सहकारी यांनी १९५२-५३ मध्ये व पुढे १९५७ ते १९५९ या काळात तेथे उत्खनन केले. ताम्रपाषाण युगातील शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. लाकडी खांब, कुडाच्या भिंती आणि खाली चोपून घट्ट केलेली जमीन, तिच्यावर चुन्याचा लेप. भाजलेली वीट तेथे नव्हती, पण चिखलावर तोडगा शोधण्याची खटपट होती. भिंत कुडाची असली तरी चालेल, परंतु पायाखालची भूमी कोरडी हवी, हे त्या माणसांनी ओळखले होते.

त्याच्याही आधी, वायव्येला सिंधूच्या खोऱ्यात भाजक्या विटेचा मोठ्या प्रमाणावर वापर झालेला होता. मोहेंजोदडो आणि हडप्पा येथील संशोधनाची वार्ता सर जॉन मार्शल यांनी १९२४ मध्ये जगाला दिली, तेव्हा लोकांना सर्वाधिक आश्चर्य वाटले ते तेथील विटांचे. जाडी, रुंदी आणि लांबी यांचे एक, दोन आणि चार असे प्रमाण शेकडो मैलांच्या प्रदेशात पाळलेले दिसते. सात, चौदा आणि अठ्ठावीस सेंटिमीटर हे त्या काळच्या घरगुती विटेचे नेहमीचे माप. हे प्रमाण नुसते डोळ्यांना बरे दिसते म्हणून ठेवलेले नाही. लांबी रुंदीच्या दुप्पट असली म्हणजे दोन आडव्या विटा एका उभ्या विटेच्या बरोबर बसतात, आणि जोड तोडून रचना करता येते. आजही अंगणात वीट बसवताना हेच गणित उपयोगी पडते. त्या नगरांतील घरे चौकाभोवती बांधलेली असत, आणि न्हाणीघरांच्या जमिनी घासून घट्ट बसवलेल्या विटांच्या असून त्यांना मोरीकडे ढाळ दिलेला असे. पाणी कोठून येते आणि कोठे जाते याचा विचार करून केलेली ती जमीन होती.

वीट घडवणे हे कष्टाचे काम, आणि इतिहासात ते पुष्कळदा दुसऱ्याच्या पाठीवर लादले गेले आहे. बायबलच्या निर्गम ग्रंथात मिसर देशातील दासांची कथा आहे. राजाने त्यांना विटांसाठी लागणारा पेंढा देणे बंद केले आणि विटांची संख्या मात्र पूर्वीइतकीच मागितली. पेंढा कशाला हवा, हे ज्याने माती मळली आहे त्याला ठाऊक असते. पेंढ्यामुळे ओली वीट वाळताना तडकत नाही. आपल्याकडेही मातीच्या भिंतींसाठी भुसा, तूस, गवत कालवण्याची चाल होतीच. धाराशिव जिल्ह्यातील तेर या प्राचीन नगरात विटांची मंदिरे आहेत, आणि तेथील काही विटा इतक्या हलक्या आहेत की, त्या पाण्यावर तरंगतात. कारागिराने मातीत काय मिसळले, किती भाजले, यावर विटेचा सारा स्वभाव अवलंबून असतो.

भारतीय परंपरेत विटांनी केलेल्या ओट्याला गणिताचे शास्त्र लाभले, ही गोष्ट मात्र अनेकांच्या ध्यानात नसते. वैदिक यज्ञाची वेदी हा एका अर्थी विटांचा ओटाच. अग्निचयनाच्या विधीत पसरलेल्या पंखांच्या पक्ष्याच्या आकाराची वेदी रचीत. तिचे पाच थर असत आणि प्रत्येक थरात दोनशे विटा. ही मापे कशी घ्यावीत, काटकोन कसा साधावा, हे सांगणारे ग्रंथ म्हणजे शुल्बसूत्रे. शुल्ब म्हणजे दोरी. खुंट्या आणि दोरी एवढ्या साधनांवर त्यांनी भूमितीचे मोठे नियम मांडले. तीन, चार आणि पाच या मापांच्या दोरीने काटकोन होतो, हे त्यांना माहीत होते. खालच्या थरातील सांध्यावर वरच्या थरातील सांधा येऊ देऊ नये, असाही नियम बौधायनाने घालून दिला आहे. आजचा गवंडी जोड तोडून वीट लावतो, तेव्हा तो नकळत या प्राचीन नियमाचेच पालन करीत असतो.

मराठ्यांच्या काळात वीट पुन्हा दर्शनी आली. पुण्याच्या शनिवारवाड्याचे काम १७३० मध्ये सुरू झाले आणि १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. दगडी कोट बांधण्याचा अधिकार छत्रपतींचा, अशी तक्रार साताऱ्याला गेल्यामुळे खालचा भाग दगडाचा ठेवून वरचे काम विटांचे करावे लागले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, दगड हा सत्तेचा आणि वीट ही गृहस्थाची, ही भावना तिच्यात स्पष्ट दिसते. होळकरांबरोबर, शिंद्यांबरोबर आणि पवारांबरोबर मराठी कुटुंबे माळव्यात आली, तेव्हा ती आपल्या घराचा आराखडाही बरोबर घेऊन आली. दिंडी दरवाजा, ओटा, ओसरी, चौक, तुळशीवृंदावन, माजघर आणि मागे परसू. माळव्याच्या ओटल्याला आणि मांडण्यांनी चितारलेल्या सारवलेल्या अंगणाला ते सहज मिळाले. महेश्वरचा अहिल्याबाईंचा वाडा पाहणाऱ्याला त्याच्या साधेपणाचेच कौतुक वाटते. ज्या स्त्रीने काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट आणि मंदिरे बांधवली, तिचे स्वतःचे घर म्हणजे चौकाभोवतीचे एक नेटके निवासस्थान होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी इंदूरच्या या अंगणांवर आणि ओट्यांवर एका परदेशी विद्वानाची नजर पडली. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे. मूळचे जीवशास्त्रज्ञ, पण शहर हाही एक सजीव प्राणी आहे असे मानून ते नगररचनेकडे वळले. १९१४ मध्ये ते हिंदुस्थानात आले आणि अनेक शहरांचे अहवाल त्यांनी लिहिले. महाराज तिसरे तुकोजीराव होळकर यांच्या दरबारासाठी त्यांनी तयार केलेला इंदूरचा अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र या विषयांचे अध्यापन त्यांच्याकडे आले. गो. स. घुर्ये हे त्यांच्याच विद्यार्थ्यांपैकी एक.

गेडिस इंदुरात आले ते दिवस प्लेगचे होते. नकाशे घेऊन गल्लीबोळांतून फिरणाऱ्या साहेबाकडे लोक भीतीने पाहू लागले. मोजमाप झाले की घर पडणार, अशीच तोवरची रीत होती. गेडिस यांची पद्धत निराळी होती. सरळ रुंद रस्ते काढण्यासाठी वस्त्या उद्ध्वस्त करणे त्यांना मान्य नव्हते. कुशल शस्त्रवैद्य जसा शक्य तितके अवयव वाचवतो, तसे शहराचे दुखणे काढताना घरे, झाडे आणि चौक वाचवावेत, असे ते म्हणत. पडक्या भिंतीचा ढिगारा उपसून तेथे छोटासा चौक करावा, त्याला फरसबंदी आणि पाण्याला वाट द्यावी, एखादे झाड लावावे, एवढ्याने गल्लीला श्वास मिळतो, अशी त्यांची धारणा होती.

लोकांची भीती घालवण्यासाठी त्यांनी योजलेला उपाय पुढे फार प्रसिद्ध झाला. दिवाळीची मिरवणूक निघावी, पण तिचा मार्ग नेहमीचा नसावा. ज्या भागातील लोक आपली घरे आणि दारापुढची जागा सर्वांत स्वच्छ व दुरुस्त करतील, त्या भागातून ती जावी, असे जाहीर झाले. मग वाड्यावाड्यांत चढाओढ लागली. वर्षानुवर्षे साचलेला कचरा चौकांतून बाहेर निघाला, ओटे सारवले गेले, भिंतींना रंग चढले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रतिमा होती आणि ती शेवटी जाळण्यात आली. सफाई कामगार पांढऱ्या स्वच्छ पोशाखात मानाने चालले. घरोघरी लावण्यासाठी तुळशीची रोपे वाटण्यात आली. नगरसुधारणेचे काम सरकारी हुकमापेक्षा घरमालकाच्या हातांनी अधिक होते, हे त्या दिवाळीने दाखवून दिले. ज्याने आपल्या दारापुढील चार हात जागा आपणच नीट केली, तो तिच्यावर कचरा टाकू देत नाही.

त्यानंतर बांधकामाचे जग झपाट्याने बदलले. इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ मध्ये ज्याचे एकस्व घेतले, ते पोर्टलंड सिमेंट १९१४ मध्ये पोरबंदरच्या कारखान्यात तयार होऊ लागले आणि हळूहळू खेड्यापर्यंत पोहोचले. चुन्याची घाणी बंद पडली, सुरखी विसरली गेली. अंगण म्हणजे सिमेंटची सलग लादी, अशी समजूत रूढ झाली. ती झाडायला सोपी आहे, हे खरे. परंतु काळ्या जमिनीवर टाकलेली सलग लादी दोनचार पावसाळ्यांत तडकते, कारण खालची माती हलते आणि लादीला हलता येत नाही. विटांची जमीन सुट्या सुट्या तुकड्यांची असल्यामुळे ती किंचित उठते, किंचित बसते. बिघडली तर चार विटा काढून पुन्हा बसवता येतात. जी वस्तू वाकू शकते ती टिकते, हा धडा येथे पायाखालीच मिळतो.

इंदूरच्या इतिहासात ओट्याला पुन्हा मान मिळाला तो १९८० नंतर. शहराच्या झोपडवस्त्यांतील लोक स्वतःची घरे कशी बांधतात, याचा अभ्यास कॅनडातील मॅक्गिल विद्यापीठ आणि अहमदाबादचे वास्तुशिल्प प्रतिष्ठान यांनी केला, आणि त्याचा पहिला भाग १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ध्यानात आले ते असे: ज्यांच्या घराचे छप्परही धड नव्हते, त्यांनी दारापुढे ओटा मात्र केला होता. तेथे स्वयंपाक होई, दुकान मांडले जाई, मूल झोपे. छोट्या घरात राहणाऱ्याचे अर्धे घर बाहेरच असते.

या जाणिवेतून इंदूर विकास प्राधिकरणासाठी अरण्य ही वसाहत उभी राहिली. तिचे रचनाकार बाळकृष्ण दोशी. ते १९२७ मध्ये पुण्यात जन्मले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि अहमदाबादेत स्थायिक झाले. सुमारे ८५ हेक्टर जागेवर साडेसहा हजारांच्या आसपास भूखंड आखण्यात आले. त्यांपैकी सर्वांत लहान ३५ चौरस मीटरचे. गरीब कुटुंबाला तयार घर देण्याऐवजी जोते, न्हाणी व संडास यांची सोय आणि फार तर एक खोली द्यावी, आणि पुढचे घर त्याने सवडीने, पैसा येईल तसे, आपल्या हाताने वाढवावे, अशी ही योजना होती. घर आणि रस्ता यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी जाणूनबुजून ठेवली होती, ती पायऱ्या, ओटा वा सज्जा यांसाठी. या प्रकल्पाला १९९५ मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. दोशी यांना २०१८ मध्ये प्रिट्झकर पारितोषिकाने गौरविण्यात आले, आणि २०२३ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. अरण्यातील घरे आता दोनदोन, तीनतीन मजल्यांची झाली आहेत. तेथील पुष्कळ घरांचा आरंभ एका जोत्यापासून झाला, हे विसरता कामा नये.

इतिहासाचा हा सगळा साठा हाताशी घेऊन हातोदसारख्या गावातील एखाद्या गृहस्थाने आपल्या घरामागे वा पुढे दहा फूट लांब, दहा फूट रुंद असा विटांचा ओटा स्वतः करावयाचा म्हटले, तर त्याने काय करावे? कामाला दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. पावसाचा चिखल ओसरलेला असतो आणि उन्हाळ्याच्या भेगा अजून पडलेल्या नसतात. प्रथम चार खुंट्या आणि दोरी. भिंतीच्या रेषेवर तीन फूट, तिच्याशी आडवे चार फूट मोजावे आणि दोन्ही खुणांमधील अंतर बरोबर पाच फूट येईपर्यंत दोरी सरकवावी. चौकोन पुरा झाल्यावर दोन्ही कर्ण सारखे आले की काटकोन साधला असे समजावे. शुल्बसूत्रांचे ज्ञान ते एवढ्याच दोरीत सामावले आहे.

मग खोदाई. अन्यत्र नऊ इंच पुरतात. काळ्या जमिनीत दीड फूट तरी खाली जावे आणि निघालेली माती बागेत टाकावी, परत भरू नये. खड्ड्यात चार ते सहा इंचांच्या थरांनी मुरूम भरावा. प्रत्येक थरावर बेताचे पाणी शिंपडून धुमसाने ठोकून तो घट्ट करावा. सगळा मुरूम एकदम भरून वरून ठोकणारा माणूस स्वतःचीच फसवणूक करतो, कारण ठोकणीचा जोर काही इंचांखाली पोहोचत नाही. ओटा टिकतो तो या न दिसणाऱ्या थरांमुळे. घाई करणाऱ्यांचे ओटे पहिल्या पावसाळ्यानंतर जेथे खचतात, तेथे चूक विटेची नसते.

ढाळ हा दुसरा मुद्दा. मोहेंजोदडोच्या न्हाणीत जो नियम होता, तोच येथे. घरापासून बाहेरच्या बाजूला दहा फुटांत दोन इंच उतार असावा. पाणसळ नसेल तर पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरावी. तिच्या दोन टोकांतील पाणी नेहमी एका पातळीवर असते. ओट्याची वरची बाजू घराच्या जोत्याच्या माथ्यापेक्षा सहा इंच तरी खाली ठेवावी, म्हणजे ओल भिंतीत चढत नाही. कडेने विटा उभ्या धारेवर, चुन्यात वा सिमेंटमध्ये पक्क्या बसवाव्यात. ही कड म्हणजे पुस्तकाची बांधणी. ती सुटली की पाने विखुरतात.

वीट निवडताना कानाचा उपयोग करावा. दोन विटा एकमेकींवर आपटल्या असता खणखणीत नाद आला पाहिजे. नखाने ओरखडा उठता कामा नये. कमरेच्या उंचीवरून मातीवर टाकलेली वीट फुटता कामा नये. चोवीस तास पाण्यात ठेवल्यावर तिचे वजन एक पंचमांशापेक्षा अधिक वाढले, तर ती जमिनीसाठी बाद समजावी. नऊ इंच लांब आणि साडेचार इंच रुंद वीट पालथी बसवली तर शंभर चौरस फुटांना सुमारे ३५६ विटा लागतात; मोडतोड धरून चारशे आणाव्यात. तीन इंची बाजू वर घेऊन धारेवर बसवल्या तर सुमारे ५३३ लागतील, पण काम अधिक भक्कम होईल. पडलेल्या वाड्याच्या जुन्या विटा पक्क्या निघाल्या, तर त्यांहून चांगले काही नाही. नवी वीट भाजताना शेताचा वरचा कसदार थर भट्टीत जातो, याचाही विचार गृहस्थाने करावा.

मुरुमावर चाळलेल्या वाळूचा एक इंचाचा थर, फळीने सपाट केलेला. अधिक वाळू घालू नये. वाळूने खड्डे भरून काढण्याचा मोह घातक आहे. मग एका कोपऱ्यापासून विटा मांडीत जावे आणि मांडलेल्या विटांवरच बसून पुढे सरकावे, मोकळ्या वाळूवर पाय देऊ नये. माशाच्या काट्यासारखी आडवीतिडवी मांडणी सर्वांत घट्ट धरते, परंतु जोड तोडून केलेल्या साध्या ओळीही पुरेशा आहेत. शेवटी बारीक कोरडी वाळू झाडूने सांध्यांत भरावी, पाणी शिंपडावे, आणि आठ दिवसांनी पुन्हा भरावी. नवशिक्या माणसाला हे सगळे काम दोनतीन सुट्ट्यांचे आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. वाळूच्या सांध्यांतून पावसाचे पाणी जमिनीत मुरते, हा या ओट्याचा मोठा गुण. ज्या इंदूर शहराला नर्मदेचे पाणी डोंगर चढवून आणावे लागले, त्याच्या परिसरात तर दारात पडलेला प्रत्येक थेंब मोलाचा आहे. पण तेच पाणी काळ्या मातीत भिंतीच्या पायाशी मुरले, तर माती फुगून भिंतीला तडा जाईल. म्हणून भिंतीलगतच्या दोनतीन फुटांतील सांधे सिमेंटने बंद करावेत आणि पाणी बाहेरच्या कडेला, फुलझाडांच्या वाफ्यात मुरू द्यावे. गुण आणि दोष एकाच गोष्टीत असतात. जागा निवडणे आपल्या हाती असते.

स्वतः बांधण्याचा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारील. गवंड्याची मजुरी वाचते, हे कारण आहेच, पण ते लहान. आपल्याकडे पांढरपेशा माणसाने माती मळणे हलके मानण्याची खोड फार जुनी आहे. ज्याने एकदा दिवसभर उकिडवे बसून चारशे विटा पाणसळीत आणल्या, तो पुन्हा कोणा गवंड्याच्या मजुरीवरून घासाघीस करणार नाही, आणि त्या हातांची किंमत त्याला पुस्तकावाचून कळेल. मुलांना भूमिती शिकवण्यासही याहून चांगला फळा नाही.

शेवटी ओट्याच्या हद्दीविषयी. माळव्यातील आणि महाराष्ट्रातील किती तरी गल्ल्या ओट्यांनीच अरुंद केल्या आहेत. प्रत्येकाने आपला ओटा वीतभर पुढे सरकवला. गटार झाकले गेले, बैलगाडी अडली, आता रुग्णवाहिका अडते. अरण्य वसाहतीत ओट्यासाठी पट्टी ठेवली, पण तिला मर्यादाही घातली. गेडिस यांनी घरमालकाच्या हातावर विश्वास टाकला, तो हा हात शेजाऱ्याचाही विचार करील या भरवशावर. ओटा हे घराचे जगाला दिलेले आसन आहे. जगाची वाट कापून ते मांडावयाचे नसते. विटांची ओळ दोरीत ठेवणे जेवढे महत्त्वाचे, तेवढेच ती दोरी आपल्या हद्दीत बांधणेही महत्त्वाचे आहे. या दोन गोष्टी ज्याने सांभाळल्या, त्याच्या ओट्यावर पावसाळ्यात चिखल नसतो आणि सायंकाळी माणसे असतात.